चंद्रापलीकडच्या नोटा आणि सहा रुपयांचं अंडं

खानदेशातल्या अमळनेरात कित्येक घरांनी विप्रोचे शेअर पिढ्यानपिढ्या जपले आहेत. आजोबांनी घेतलेले, लग्नकार्यातही न मोडलेले. त्यांचा हिशोब एकदा कागदावर मांडून बघावा. समजा, १९९७च्या बोनसआधी एखाद्याकडे एकच शेअर होता आणि त्यानं तो हलवलाच नाही. एकाला दोन बोनस मिळून त्याचे तीन झाले. १९९९मध्ये दहा रुपयांच्या शेअरचे दोन-दोन रुपयांचे पाच झाले, म्हणजे पंधरा. २००४मध्ये पुन्हा एकाला दोन, पंचेचाळीस. २००५मध्ये नव्वद, २०१०मध्ये तिनाला दोन मिळून दीडशे, २०१७मध्ये तीनशे, २०१९मध्ये चारशे आणि २०२४ सरताना आठशे. एकाचे आठशे, वर एक पैसाही न घालता.

आता ज्याच्या घरी अशा शेअरांचा डोंगर होता, त्याच्याकडे वळू.

२९ डिसेंबर १९४५ रोजी मोहम्मद हाशम प्रेमजींनी वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी काढली, तीच पुढे विप्रो झाली. तिचा कारखाना अमळनेरचा. वनस्पती तूप आणि कपडे धुण्याचा साबण हा तिचा माल. १९६६मध्ये ते अचानक गेले. मुलगा अझीम तेव्हा २१ वर्षांचा, अमेरिकेत स्टॅनफर्डला इंजिनिअरिंग शिकत होता. शिक्षण अर्धवट टाकून तो परतला आणि पुढची ५३ वर्षं, ३० जुलै २०१९पर्यंत, कंपनी त्यानंच चालवली. तुपाच्या धंद्यातून संगणकात, संगणकातून सॉफ्टवेअरमध्ये. राहिलेली पदवी त्यानं तीसेक वर्षांनी पूर्ण केली. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

मार्च २०१९मध्ये अझीम प्रेमजींनी आणखी ३४ टक्के शेअरचं उत्पन्न आपल्या फाउंडेशनकडे वळवलं. त्या शेअरची तेव्हाची किंमत ५२,७५० कोटी रुपये. आधीचं धरून एकूण दान झालं १ लाख ४५ हजार कोटींचं. विप्रोची ६७ टक्के आर्थिक मालकी अशी दानात गेली. कंपनीनं वाटलेल्या लाभांशाच्या दर तीन रुपयांतले दोन सामाजिक कामासाठी!

१ लाख ४५ हजार कोटी म्हणजे किती, हे नुसतं वाचून कळत नाही. पाचशेच्या नोटा घ्या. २९० कोटी नोटा लागतील. सेकंदाला एक, या वेगानं रात्रंदिवस मोजत बसलं तर जवळजवळ ९२ वर्षं जातील. जन्मल्या दिवशी मोजायला बसलेला माणूस म्हातारा होऊन उठेल. पाचशेची नोट १५ सेंटिमीटर लांब असते. एकीला एक लावत गेलं तर ४ लाख ३५ हजार किलोमीटरची रांग होते. चंद्र सरासरी ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर आहे. म्हणजे चंद्र गाठून उरलेल्या नोटांनी पृथ्वीला एक पूर्ण वेढा घालता येईल, तरी काही हातात राहतील.

आणि हीच रक्कम देशातल्या १४० कोटी माणसांत वाटली, तर? माणशी हजार रुपयांच्या थोडं वर. आठवड्याचा किराणाही नीट येणार नाही. हा भागाकार मी दोनदा करून पाहिला, कारण पहिल्यांदा पटलाच नाही. पैसा वाटून संपवायचा नाही, कामाला लावायचा, हे ज्याला कळलं त्याचंच दान टिकतं. फाउंडेशननं २००१पासून धरलेलं काम सरकारी शाळांचं आहे. देशात त्या दहा लाखांच्या आसपास आहेत. स्वतःच्या चकचकीत शाळांची साखळी उभारण्यात शक्ती न घालवता त्यांनी कर्नाटक, राजस्थान, उत्तराखंड, छत्तीसगड अशा राज्यांत सरकारी शिक्षकांच्या सोबत बसणारी माणसं नेमली. ज्या अमळनेरात पूर्वी प्रताप हायस्कुलात साने गुरुजी शिकवत होते, त्याच गावच्या तेलातून उभा राहिलेला पैसा शिक्षकांपाशी पोचतोय, याचा मला खानदेशी म्हणून अभिमान आहे.

२०२०-२१ या एका वर्षात प्रेमजींचं दान ९,७१३ कोटी नोंदलं गेलं. रोजचे साधारण २७ कोटी. एक अंडं दहा मिनिटं उकडलं, तर तेवढ्यात साडेअठरा लाख.

अंड्याचं उदाहरण मुद्दाम घेतलं. कर्नाटकात शाळेतल्या मुलांना सरकार आठवड्याला दोन अंडी देत होतं. २०२४मध्ये फाउंडेशननं उरलेल्या चार दिवसांचा भार तीन वर्षांसाठी उचलला. मुलं सुमारे ५५ लाख, खर्च दीड हजार कोटींच्या वर. सगळ्यांनी अंडंच घेतलं (न खाणाऱ्यांना तेव्हा केळं किंवा चिक्की मिळायची) तर आठवड्याला २ कोटी २० लाख अंडी. तीस-तीसचे ट्रे केले तर सात लाखांवर ट्रे.

तेव्हा एका अंड्याला सहा रुपये धरले होते. ५ रुपये २० पैसे अंड्याचे, ५० पैसे जळणाचे आणि ३० पैसे सोलण्याचे. सोलण्याचे वेगळे लिहिले, हे वाचून बरं वाटलं. स्वयंपाकघरातल्या बाईनं गरम पातेल्यातून अंडं काढायचं, गार पाण्यात टाकायचं, तडा द्यायचा, कवच पांढऱ्याला न ओरबाडता उतरवायचं आणि ताटात ठेवायचं. त्या एवढ्याशा कामाचे ३० पैसे. २ कोटी २० लाखांनी गुणले, की आठवड्याला ६६ लाख.