१४ ऑगस्ट १९६७ : जहाजावरचा एक दिवस

मध्यरात्र. एसेक्समधल्या फ्रिंटन गावासमोर समुद्रात दोन जुनी जहाजं नांगर टाकून उभी आहेत. 'गॅलक्सी' हे दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन आरमारासाठी सुरुंग काढणारं जहाज, त्याच्यावर रेडिओ लंडन. 'मी अमिगो' १९२१ साली बांधलेलं, त्याच्यावर रेडिओ कॅरोलाइन. ब्रिटनची सागरी हद्द तीन मैलांची आणि ही दोन्ही त्याच्या जरा पलीकडे, म्हणून परवान्याशिवाय चाललेला हा सगळा कारभार गुन्हा ठरत नाही. बरोबर चोवीस तासांनी, नव्या कायद्यामुळे, ठरणार आहे.

'गॅलक्सी'वर जॉन पील आपला 'परफ्यूम्ड गार्डन' हा कार्यक्रम शेवटचा करतोय. दिवसा रेडिओ लंडनवर लोकप्रिय चाळीस गाण्यांची यादी काटेकोर पाळावी लागते, पण मध्यरात्रीनंतर किनाऱ्यावरचे साहेब झोपलेले असतात, म्हणून पील मनाला येईल ते लावतो. लांबलचक गाणी, कविता, श्रोत्यांची पत्रं. इंग्लंडमधला रॉक रेडिओ जन्मला तो बहुधा असा, साहेबांचा डोळा चुकवून.

सकाळ. रात्र संपली की जहाजावर आधी नाश्ता. कॅरोलाइनचे खलाशी डच, निवेदक बहुतेक ब्रिटिश. दोन आठवडे जहाजावर आणि एक आठवडा जमिनीवर, अशी त्यांची पाळी. समुद्र खवळला की रेकॉर्डवरची सुई उडते, म्हणून पिकअपच्या डोक्यावर एखादं नाणं ठेवायचं. बातम्याही लागतात. समुद्रात बातमीदार कुठून आणणार? बीबीसी लावायची, लिहून घ्यायचं आणि शब्द फिरवून वाचायचं. ज्यांच्याशी भांडण त्यांच्याच बातम्या, पण श्रोत्यांची त्याबद्दल तक्रार नव्हती.

श्रोत्यांचं भांडण गाण्यांवरून होतं. रेकॉर्ड कंपन्या आणि वादकांची संघटना यांच्याशी झालेल्या करारांमुळे बीबीसीला दिवसाकाठी जेमतेम पाच तास रेकॉर्ड वाजवता येत. उरलेल्या वेळात तीच गाणी स्टुडिओतला वाद्यवृंद वाजवून दाखवी. रोलिंग स्टोन्सचं गाणं सुटाबुटातल्या वादकांकडून ऐकायचं म्हणजे शिक्षाच. रोनन ओ'राहिली या आयरिश तरुणानं १९६४ च्या ईस्टरला कॅरोलाइन सुरू केली ती हीच गरज हेरून.

दुपारच्या आत सामानाची बोट हा सगळ्यात महत्त्वाचा विषय. हार्विच बंदरातून ती येते. पिण्याचं पाणी, डिझेल, पाव, भाजी, नव्या रेकॉर्डी, श्रोत्यांच्या पत्रांची पोती आणि पाळी बदलणारी माणसं, सगळं तिच्यातून. लाटांवर दोन बोटी एकमेकींना घासत असताना पोत्यासारखीच माणसंही या काठावरून त्या काठावर उडी मारतात. या एका बोटीवर सगळं अवलंबून आहे, हे नव्या कायद्याच्या मसुदाकारांनी नेमकं ओळखलं. कायद्यानं जहाजावर धाड घालायचं कलम केलं नाही. जहाज आंतरराष्ट्रीय पाण्यात, परक्या झेंड्याखाली. कायद्यानं ब्रिटिश माणसाला तिथं नोकरी करायला, तिथं जाहिरात द्यायला, तिथं पाणी आणि पाव पोचवायला बंदी केली. जास्तीत जास्त दोन वर्षं तुरुंग. थोडक्यात, गाण्याला हात न लावता किराणा बंद केला. मला हा कायदा आवडत नाही, पण लिहिणाऱ्याची अक्कल मानावी लागते.

दुपारी दोन ते तीन. रेडिओ लंडनचा शेवटचा तास. कार्यक्रम आधीच ध्वनिमुद्रित केलेला, कलाकारांचे निरोप जोडलेले, त्यात रिंगो स्टारचाही. शेवटचं गाणं बीटल्सचं 'अ डे इन द लाइफ'. निवड खोचक होती, कारण बीबीसीनं याच गाण्यावर त्या वर्षी बंदी घातली होती. तीनला निवेदक पॉल के यानं वेळ सांगितली, रेडिओ लंडन बंद होत असल्याचं सांगितलं, मागोमाग स्टेशनची धून आणि मग फक्त खरखर. शेजारच्या जहाजावरून कॅरोलाइनच्या रॉबी डेलनं प्रतिस्पर्ध्यांचे आभार मानले आणि एक मिनिट शांतता पाळली. रेडिओवर एक मिनिट काहीच न वाजवणं हा केवढा मोठा मान, ते या धंद्यातल्यांनाच कळेल.

आपल्याकडच्या वाचकाला यात जुनी ओळख पटेल. १९५२ मध्ये नभोवाणी मंत्री बा. वि. केसकर यांनी आकाशवाणीवरून चित्रपटगीतं जवळजवळ हद्दपार केली आणि श्रोत्यांनी काटा फिरवून रेडिओ सिलोन लावलं. माणूस मराठी, शास्त्रीय संगीताचा भोक्ता. हेतूबद्दल शंका नाही. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ रोजी सरकारनंच विविध भारती काढली. ब्रिटननं इतका वेळ घेतला नाही. ३० सप्टेंबर १९६७ रोजी बीबीसीचं रेडिओ वन सुरू झालं आणि त्याच्यावरचा पहिला निवेदक होता टोनी ब्लॅकबर्न, जो आधी कॅरोलाइन आणि लंडन या दोन्ही जहाजांवर होता.

संध्याकाळ. लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीट स्थानकात परतलेल्या निवेदकांना बघायला पोराटोरांची झुंबड. इकडे 'मी अमिगो'वर प्रश्न एकच: कोण उतरणार, कोण थांबणार? काही उतरले. त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. दोन वर्षांचा तुरुंग काही गाण्याच्या ओळीतला नव्हता.

रात्री नऊनंतर कॅरोलाइनवर निवेदक जॉनी वॉकरची वेळ. त्याच्या कार्यक्रमाची एक गंमत होती. फ्रिंटनच्या कड्यावर जोडपी गाड्या लावून बसत आणि तो जहाजावरून विचारी, कोण कोण आलंय? अंधारात गाड्यांचे दिवे उघडझाप करत. मग तो प्रश्न विचारायचा, उत्तर दिव्यांच्या उघडझापीत यायचं. अख्ख्या इंग्लंडला ऐकू जाणारं स्टेशन, पण त्या वेळात ते फ्रिंटनचंच असे.

पुन्हा मध्यरात्र. आपल्याला १४ ऑगस्टची मध्यरात्र म्हटलं की दुसरंच काही आठवतं. वॉकर आणि डेल मायक्रोफोनसमोर आहेत. 'वी शॅल ओव्हरकम' लागतं, कॅरोलाइन चालू राहणार अशी घोषणा होते, मग बीटल्सचं 'ऑल यू नीड इज लव्ह'. या क्षणावर पुष्कळ भाबडं लिहिलं गेलंय. कॅरोलाइन तेव्हा काही निव्वळ बंडखोर नव्हती. भागीदार फिलिप सॉलोमनच्या 'मेजर मायनर' कंपनीच्या रेकॉर्डी निवेदकांना मुकाट्यानं वाजवाव्या लागत आणि त्यांचा त्यावर राग होता.

त्या रात्रीनंतर सामान हार्विचऐवजी हॉलंडहून, अख्खा उत्तर समुद्र ओलांडून येऊ लागलं. खर्च वाढला, ब्रिटिश जाहिराती आटल्या. सामान आणि बोटी पुरवणाऱ्या विस्मुलर या डच कंपनीची बिलं थकत गेली. ३ मार्च १९६८ च्या पहाटे, सकाळचा कार्यक्रम सुरू व्हायच्या आत, त्यांची माणसं जहाजावर चढली, प्रक्षेपण सुरू करू दिलं नाही आणि 'मी अमिगो' ओढून ॲमस्टरडॅमला नेलं. आइल ऑफ मॅनजवळचं कॅरोलाइनचं दुसरं जहाजही त्याच दिवशी उचललं. ब्रिटिश पोलिसांना यायची गरजच पडली नाही. उधारी वसूल करणाऱ्यांनी काम केलं.