रेलमधला दाब

चिल्हार फाट्यावरून बोईसरकडे वळणाऱ्या नव्या मालट्रकांच्या इंजिनात डिझेल आधी एका जाड पोलादी नळीत दाबून साठवलं जातं. हीच कॉमन रेल. इंजिन नुसतं सुरू असतानाही तिथे साधारण 300 बार दाब असतो. भरली गाडी चढावर लागली की तो 1600च्या पुढे जातो. शेजारच्या तारापूर केंद्रातल्या 1969च्या अणुभट्ट्या सुमारे 70 बारवर चालण्यासाठी बांधल्या आहेत, यावरून अंदाज यावा!

एवढा दाब कशासाठी? डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरची छिद्रं केसासारखी बारीक. दाब वाढला की थेंब सूक्ष्म होतात, ज्वलन नीट होतं आणि काजळी घटते. 1 एप्रिल 2020पासूनचे भारत स्टेज 6 निकष पाळायला हे लागतंच.

स्टार्टर फिरतो, पण इंजिन धरत नाही, याचं एक कारण इथेच सापडतं. रेलमध्ये ठरावीक दाब तयार झाल्याशिवाय संगणक इंजेक्टर उघडतच नाही. अशा वेळी घाईने महागडा पंप बदलू नये. आधी फिल्टर तुंबलाय का ते पाहावं, मग प्रत्येक इंजेक्टरचं परतीचं डिझेल मोजावं. झिजलेला इंजेक्टर जास्त परत सोडतो. पालघरच्या पावसाळ्यात फिल्टरखालचं पाणीही वेळच्या वेळी काढावं.

जुन्या इंजिनांवर मिस्त्री चालू इंजिनाचा पाइप सैल करून बंद सिलिंडर शोधत. कॉमन रेलवर हे कधीही करू नका. सैल पाइपातून सुटणारी डिझेलची धार कातडी भेदून आत शिरते. जखम टाचणीएवढी दिसली, दुखत नसली, तरी तातडीने रुग्णालय गाठा आणि डिझेल शरीरात शिरल्याचं डॉक्टरांना स्पष्ट सांगा.