नितळ स्वराच्या मागावर

इलेक्ट्रिक गिटार म्हटले की आपल्यातील बहुतेकांच्या कानांत कर्कश गोंगाट घुमू लागतो. ‘डायर स्ट्रेट्स’ या ब्रिटिश चमूचे १९७८ सालचे ‘सुलतान्स ऑफ स्विंग’ ज्यांनी ऐकले आहे, त्यांचे मत निराळे असेल. रॉक संगीतातली असूनही मार्क नॉफ्लरची त्यातील गिटार झऱ्याच्या पाण्यासारखी नितळ आहे. तोच स्वर घरच्या गिटारीतून काढण्याचा नाद मला काही वर्षांपासून जडला आहे.

ॲम्प्लिफायरवर झेपण्यापलीकडे भार पडला की ध्वनिलहरींची शिखरे छाटली जातात आणि स्वर फाटतो. रॉक वादकांना हा फाटका स्वर प्रिय आहे. तो भरघोस लागतो, शिवाय हाताच्या उणिवाही झाकतो. नितळ स्वरात ती सोय नाही.

नॉफ्लरचे वाद्य म्हणजे फेंडर कंपनीची स्ट्रॅटोकास्टर. तिच्या तारांखाली तीन पिकअप असतात. जुन्या गिटारींवरील कळ एका वेळी त्यांपैकी एकच निवडू देई. पण चतुर वादक ती दोन खाचांच्या मधोमध अडकवीत आणि दोन पिकअप एकत्र बोलते करीत. अखेर १९७७ मध्ये कंपनीनेच पाच जागांची कळ बसवली. नॉफ्लरची जोडी घोडीजवळच्या आणि मधल्या पिकअपची. एकच तार दोन ठिकाणी टिपली गेल्याने काही स्वरांश एकमेकांना मारतात आणि किंचित पोकळ, थोडा नाकातला, तरीही टवटवीत नाद उरतो. वादक याला ‘आउट ऑफ फेज’ म्हणतात, ते शास्त्रदृष्ट्या खरे नाही. दोन्ही पिकअपची जोडणी सरळच असते. तंबोऱ्याच्या जवारीचा दोरा केसभर सरकवून नाद खुलवणाऱ्यांना ही किमया परकी वाटू नये.

कळ आणि ॲम्प्लिफायर एका संध्याकाळीच जुळले. चिंता होती ती कानांची. वयोमानाने उच्च कंप्रतेचे स्वर आधी मंदावतात, हे आपण इतरांना सांगत असतो. माझ्या ऑडिओग्राममध्ये ८००० हर्ट्झला ती उतरण स्पष्ट दिसली, आणि मूळ ध्वनिमुद्रणाशी ताडून पाहायचे ते याच कानांनी! दिलासा इतकाच, की गिटारीचा स्पीकर साधारण ५००० हर्ट्झपुढे फारसे काही देतच नाही. हृदयातील मर्मर तर त्याहून कितीतरी खालच्या पट्टीत असतात. तेव्हा स्टेथोस्कोपला तूर्त धोका नाही.

उरला उजवा हात. नॉफ्लर प्लेक्ट्रम न घेता अंगठा आणि पहिल्या दोन बोटांनी तार छेडतो, तीही नखाने नव्हे, बोटाच्या मांसल टोकाने. तान्ह्या बाळांची पोटे तपासणाऱ्याची नखे कायम कापलेलीच असतात, त्यामुळे तेवढी अट मी अनायासे पूर्ण करतो. परंतु तो तार किंचित उपसून सोडतो. ती पट्टीवर आपटते आणि स्वराला धार येते. माझी लेक डोळे मिटून मूळ व नक्कल दोन्ही ऐकते. तिचा निकाल असा : ‘‘बाबा, स्वर तोच आहे, पण तुम्ही तारेला फार जपता.’’ तीस वर्षे अलगद हाताने मुले तपासल्यावर दुसरे काय होणार! सध्या रात्री दवाखाना आटोपला की त्या एका फटकाऱ्याचाच रियाज चालू आहे.