बोकडाचा दाखला

२००४ सालच्या जानेवारीतली गोष्ट. बकरी ईद फेब्रुवारीच्या सुरुवातीला होती. आमचे चाचा दरवर्षी ईदेआधी दहा-बारा बोकड आणून विकायचे. आमचं गाव सोलापूर जिल्ह्यात, कर्नाटकच्या हद्दीजवळ. पलीकडच्या बाजारात भाव जरा उतरून मिळायचा. त्या वर्षी चाचांनी अकरा बोकड घेतले, रात्री टेंपोत चढवले आणि पहाटे दारात उतरवले. वाटेत कुणी अडवलं नाही. मी सहज विचारलं, ‘‘चाचा, डॉक्टरका दाखला?’’ ते हसले. ‘‘ईदतलक तो रखनेका है, दाखला कायकू?’’

आमच्या आणि शेजारच्या काकूंच्या घरामध्ये एकच बोळ. त्या बोळात त्यांच्या सात शेळ्या असायच्या. चाचांनी बोकड तिथंच बांधले. पाण्याची डोणीही एकच. पाचव्या दिवशी एका बोकडानं पाला सोडला. मग डोळे चिकटले, नाक वाहू लागलं, तोंडात फोड आले, हगवण लागली. तालुक्याचे डॉक्टर आले आणि त्यांनी तीन इंग्रजी अक्षरं उच्चारली : पीपीआर. शेळ्यामेंढ्यांचा प्लेगच म्हणा ना. चाचांचे तीन बोकड गेले. उरलेले त्यांनी विकले नाहीत, कारण कुर्बानीचं जनावर धडधाकट असावं लागतं. पुढच्या आठवड्यात काकू दारात येऊन म्हणाल्या, ‘‘चाचा, माझ्या शेळ्या खाईनात.’’ एवढंच म्हणाल्या. त्यांच्या सातांपैकी पाच शेळ्या मेल्या. नवऱ्यामागं त्यांचं घर त्या शेळ्यांवर चालत होतं.

मी बीए झालेला, कविता लिहिणारा माणूस. जनावरांच्या शास्त्राशी माझा संबंध दूध पिण्यापुरता. पण त्या पाच शेळ्यांनी मला पाठ सोडून दिलं नाही. डॉक्टरांच्या मागं लागून मी हा दाखला म्हणजे काय ते समजून घेतलं. तेच आज सांगायचं आहे.

जनावरांच्या वाहतुकीचे केंद्र सरकारचे नियम १९७८ सालचे आहेत. जनावर प्रवासाला धड आहे, त्याला कुठलाही संसर्गजन्य रोग किंवा परोपजीवींचा आजार नाही, असा पशुवैद्यकाचा दाखला प्रत्येक खेपेबरोबर हवा. दाखला नसेल तर गाडीवाल्यानं माल घ्यायचाच नाही, असं नियमच सांगतो. मालट्रकमध्ये गाई-बैल सहापेक्षा जास्त नकोत. साडेचार-पाच टनांच्या गाडीत शेळ्यामेंढ्या चाळीसपेक्षा जास्त नकोत. हे आकडे दयेपोटी घातले असावेत असं मला वाटायचं. दया आहेच, पण दाटीवाटीत, उपाशीतापाशी, भेदरलेल्या जनावराची रोगाशी झुंजायची ताकद कमी होते आणि एकाचा श्वास दुसऱ्याच्या नाकात जातो, हेही त्यामागं आहे.

गुरांच्या दाखल्यावर बुळकांडीची लस टोचल्याचा उल्लेख हवा, असंही त्या नियमांत लिहिलं होतं. बुळकांडी हा शब्द आता शिव्यांतच ऐकू येतो. एकेकाळी या रोगानं गावंच्या गावं बैलांवाचून ओस पाडली. जनावरांच्या रोगांवर संशोधन करणारी या देशातली मोठी संस्था १८८९ साली आपल्या पुण्यात सुरू झाली. पुढे ती उत्तरेत, मुक्तेश्वरला गेली. भारतात बुळकांडीची शेवटची लागण १९९५ साली झाली आणि २०११ साली हा रोग जगातूनच संपल्याचं जाहीर झालं. देवीनंतर माणसानं पृथ्वीवरून पुसून टाकलेला हा दुसरा रोग. लसीनं ते झालं, पण रोगी जनावर कुठून कुठं गेलं याच्यावर नजर ठेवल्याशिवाय नुसत्या लसीनं झालं नसतं.

आता खरी अडचण सांगतो. पूर्वी बोकड चालत यायचे. दिवसाला चार-पाच कोस. पीपीआरचं विष अंगात शिरल्यापासून लक्षणं दिसायला साधारण चार ते सहा दिवस लागतात. म्हणजे आजारी जनावर बाजारात पोचायच्या आधीच वाटेवर बसायचं. ती चालच त्याची तपासणी असायची. आता ट्रक एका रात्रीत चारशे-पाचशे किलोमीटर तोडतो. देवनारला ईदेच्या आधी राजस्थान, गुजरात, मध्य प्रदेशातून गाड्यांमागून गाड्या येतात, लाखाच्या वर बोकड उतरतात. रोग अंगात घेऊन निघालेलं जनावर तिथं अगदी टवटवीत उतरू शकतं. सकाळी डॉक्टरांनी ताप पाहिला, जीभ-हिरड्या पाहिल्या, खूर पाहिले, आणि सही केली. ती सही त्या सकाळची. उद्याची नाही. डॉक्टर खोटं लिहीत नाहीत, जनावरच अजून काही सांगत नसतं.

म्हणून दाखल्यावर लसीची तारीख पाहायची. लस आदल्या दिवशी टोचून उपयोग नाही. तिचा गुण यायला दोन-तीन आठवडे लागतात. आणि घरी आणलेलं जनावर निदान तीन आठवडे वेगळं बांधायचं, वेगळी डोणी, वेगळा पाला. चाचांचं म्हणणं होतं, दहा दिवसांनी कापायचेच तर आहेत. बरोबर. पण ते दहा दिवस ते बोकड काकूंच्या शेळ्यांशेजारी श्वास घेत होते.

२००९ साली जनावरांच्या संसर्गजन्य रोगांविषयी देशभरासाठी कायदा झाला. आपल्या गोठ्यात असा रोग असल्याची शंका आली तर मालकानं ग्रामपंचायतीत किंवा गावच्या अधिकाऱ्याला कळवायचं, हे त्यात मालकावर बंधन आहे. राज्य सरकार एखादा भाग ‘नियंत्रित क्षेत्र’ म्हणून जाहीर करू शकतं. तिथून रोगी किंवा संशयित जनावर बाहेर न्यायचं नाहीच, त्याच्या संपर्कातला चारा, अंथरायचं गवत, कातडंसुद्धा नाही. २०२२ साली लम्पी आला तेव्हा हे सगळ्यांनी अनुभवलं. राज्यात त्या साथीची सुरुवात जळगाव जिल्ह्यातून झाली. सप्टेंबरात सबंध महाराष्ट्र नियंत्रित क्षेत्र ठरला, गुरांचे बाजार बंद झाले, परराज्यांतून गुरं आणायला बंदी आली. लम्पी गाई-म्हशींचा रोग, माश्या, डास आणि गोचीड तो पसरवतात, माणसाला तो होत नाही. तरी दूध प्यावं का, अशी चर्चा आमच्या एसटी स्टँडवर महिनाभर रंगली होती. बैल विकून मुलीचं लग्न करायला निघालेले लोक मात्र त्या चर्चेत नव्हते. ते बंद बाजाराच्या फाटकाशी उभे होते.

आपल्याकडे दाखला म्हणजे नाक्यावर दाखवून सुटायची चिठ्ठी, अशीच समजूत आहे. तीही अगदी खोटी नाही. गाडी अडवणारा माणूस कधी खाकी कपड्यांत असतो, कधी नसतो. आणि माझ्यासारखं नाव असलेल्या माणसाला कागद खिशात असलेला बरा. पण ती चिठ्ठी मुळात नाक्यासाठी लिहिलेली नाही. ती बोळातल्या दुसऱ्या दावणीसाठी आहे.

चाचा आता नाहीत. पुढच्या वर्षी त्यांनी काकूंना दोन गाभण शेळ्या आणून दिल्या. त्यांचा दाखला चाचांनी आधी काकूंच्या हातात ठेवला, काकूंना वाचता येत नसताना. गेल्या ईदेला पुतण्यानं पलीकडूनच चार बोकड आणले, महिनाभर आधी, आणि मळ्यात बांधले. कानात बारा आकडी बिल्ले. बिल्ल्याशिवाय जनावरांची विक्री आणि वाहतूक करायची नाही, असं महाराष्ट्रात २०२४ पासून बंधन आहे. काकूंच्या मुलाकडे आज वीस शेळ्या आहेत. तो मळ्यात गेला, दाखला हातात घेतला आणि एकेक कान धरून आकडे ताडून पाहू लागला. तिसऱ्या बोकडाचा शेवटचा आकडा जुळेना.

‘‘लिहिताना चुकलं असंल,’’ पुतण्या म्हणाला.

‘‘असंल. डॉक्टरला इचारू की.’’

डॉक्टर चार दिवसांनी आले. सहाचा नऊ झाला होता, एवढंच. तोवर आणि त्यानंतरही, तीन आठवडे भरेपर्यंत चारही बोकड मळ्यातच होते. पुतण्या सकाळी पाला घालून यायचा तो बोळातून नाही, मागच्या वाटेनं. हौदावर पाय धुवायचा, चपला बाहेर उपड्या ठेवायचा आणि मग घरात शिरायचा.