संगणकाचा बोर्ड बदलताना खेळ कसे राखावेत

अंबरनाथ-बदलापूरकडच्या पोरांचा संगणक जुना झाला, की तो उल्हासनगरच्या दुकानात नेऊन मदरबोर्ड आणि प्रोसेसर बदलून घेतात. मग पोराला धास्ती पडते, माझे खेळ जाणार!

खेळ बोर्डात नसतातच मुळी. ते असतात डिस्कमध्ये. घराचे जोते नवे घातले म्हणून कणगीतले भात नासत नाही, तसेच हे. मात्र कारागिराने ‘विंडोज नव्याने घालतो’ म्हणून सगळी डिस्क पुसली, तर कणगीच रिकामी झाली म्हणायची! म्हणून आधी दुसऱ्या डिस्कवर नक्कल घ्यावी. स्टीमचे खेळ ‘स्टीमॲप्स’ नावाच्या फोल्डरात असतात. तो राखला आणि नव्या मांडणीत स्टीमला दाखवला, की १०० जीबीचा खेळही पुन्हा उतरवावा लागत नाही.

पण खेळ काय, पुन्हाही मिळेल हो. महिनोन्‌महिने खेळून गाठलेली मजल कोठून आणणार? ती पुष्कळदा ‘डॉक्युमेंट्स’ किंवा लपलेल्या ‘ॲपडेटा’ फोल्डरात असते. तिची नक्कल निराळी घ्या.

आता शिक्षकबंधूंनी ऐकावे असे. विंडोज १० आणि ११ मध्ये डिस्कला बिटलॉकरचे कुलूप असू शकते. बोर्ड बदलताच ते ४८ आकडी किल्ली मागते. ती नसली तर पोराच्या खेळांबरोबर तुमची निकालपत्रकेही आत अडकतील. मायक्रोसॉफ्टच्या खात्यात ती सापडते का पाहा, आणि संगणक दुकानात नेण्यापूर्वीच कागदावर उतरवून घ्या.