राखेच्या दऱ्यांतून चार चाकांवर: कॅपाडोकियातील क्वाड बाईक सफरी

कॅपाडोकिया हा मध्य तुर्कस्तानातील प्रदेश. नेवशेहिर प्रांतातील गोरेमे, उचहिसार, ऑर्ताहिसार आणि चावुशिन या गावांच्या मधल्या पट्ट्यात लहानमोठ्या दऱ्यांचे जाळे पसरले आहे. या दऱ्यांमधून वाटाड्याच्या मागे क्वाड बाईक चालवत जाण्याची सफर तिथल्या पर्यटनाचा नेहमीचा भाग झाली आहे. पहाटे बलून आणि संध्याकाळी क्वाड, असा अनेक पाहुण्यांचा दिवस आखलेला असतो. फेरी एक ते दोन तासांची. पुढे वाटाड्या, मागे एकामागोमाग एक गाड्या, मध्ये दोन-तीन थांबे आणि शेवटी सूर्यास्त. प्रकार करमणुकीचा असला तरी तो सोपा नाही. यंत्राचा स्वभाव आणि जमिनीचा स्वभाव दोन्ही कळले तरच ही फेरी सुखरूप होते, आणि दोन्ही कळणारा माणूस त्या रांगेत बहुधा एकटा वाटाड्याच असतो.

क्वाड बाईक किंवा एटीव्ही या वाहनाचा जन्म अमेरिकेतल्या हिवाळ्याने घडवून आणला. थंडी सुरू झाली की तिथे मोटारसायकलींचा खप बसत असे. विक्रेत्यांच्या हाती हिवाळ्यातही विकता येईल असे काहीतरी असावे, म्हणून होंडा कंपनीने १९६०च्या दशकाच्या अखेरीस हे काम ओसामू ताकेउची या आपल्या अभियंत्याकडे सोपवले. बर्फ, चिखल, वाळू कशातही रुतणार नाही असे वाहन हवे होते. बऱ्याच प्रयोगांनंतर उत्तर सापडले ते फुग्यासारख्या रुंद, कमी हवेच्या टायरमध्ये. १९७० साली होंडाची तीन चाकी यूएस ९० बाजारात आली. पुढच्याच वर्षी ‘डायमंड्स आर फॉरएव्हर’ या जेम्स बाँडपटात शॉन कॉनरी अशाच तीन चाकीवर पळताना दिसला आणि हे विचित्र वाहन घरोघरी माहीत झाले.

तीन चाकांची ही गाडी वळणावर मात्र घात करी. पुढे एकच चाक, मागचा आस सरळ आणि अखंड, त्यामुळे वळताना आतल्या बाजूचे चाक सोडवून घेण्यासाठी स्वाराला अंगाचा भार नेमका टाकावा लागे. ते जमले नाही की गाडी उलटे. सुझुकीने १९८२ मध्ये क्वाडरनर ही चार चाकी आणली आणि पुढच्या काही वर्षांत बाजार तिकडेच वळला. तोवर अपघातांची संख्या इतकी वाढली होती, की अमेरिकी सरकारने उत्पादकांना न्यायालयात खेचले. १९८८ च्या तडजोडीनुसार तिथे नव्या तीन चाकींची विक्री थांबली.

चार चाकांनी धोका कमी झाला, संपला नाही. शेतीकामासाठी क्वाडचा सर्वाधिक वापर करणाऱ्या देशांपैकी एक म्हणजे ऑस्ट्रेलिया. मेंढ्यांच्या कळपांमागे फिरायला शेतकऱ्याला याहून सोयीचे वाहन नाही. तिथेही गाडीखाली चिरडून मृत्यू होतच राहिले. म्हणून २०१९ मध्ये नवे सुरक्षा-मानक आले, आणि २०२१ च्या ऑक्टोबरपासून शेतीकामाच्या प्रत्येक नव्या क्वाडला, गाडी उलटल्यास स्वार तिच्याखाली दबू नये यासाठी, संरक्षक चौकट किंवा तत्सम रचना सक्तीची झाली. काही मोठ्या कंपन्यांनी हे मान्य करण्याऐवजी त्या देशात क्वाड विकणेच बंद केले. पर्यटकाला हा इतिहास सहसा कोणी सांगत नाही, पण गाडीवर बसण्याआधी तो ठाऊक असलेला बरा.

सफरीत वापरली जाणारी क्वाड साधारण अडीचशे ते साडेतीनशे किलो वजनाची असते. इंजिन एका सिलिंडरचे, फोर-स्ट्रोक. गिअर बदलावे लागत नाहीत, कारण चाकांना शक्ती पोचवणारा पट्टा ज्या कप्प्यांवरून फिरतो त्यांचा परिणामी व्यास वेगानुसार आपोआप कमी-जास्त होतो. क्लच नाही. एका बाजूच्या लहान दांड्याने हळू, जलद, तटस्थ आणि मागे असे पर्याय निवडायचे, एवढेच. टायरमध्ये हवा पाच-सहा पीएसआय इतकीच. स्कूटरच्या टायरमध्ये याच्या चौपटीहून अधिक असते. या मऊ टायरमुळे चाक दगडावर आपटण्याऐवजी दगडाला कवेत घेते आणि भुसभुशीत मातीत भार पसरून टाकते.

सर्वांत वेगळा भाग म्हणजे थ्रॉटल. उजव्या मुठीखाली अंगठ्याएवढी एक पट्टी असते. ती अंगठ्याने पुढे दाबली की गाडी चालते, सोडली की मंदावते. मूठ पिळण्याची सोय मुद्दामच ठेवलेली नाही. खडबडीत वाटेवर अंग मागे-पुढे हिसकले जाते, आणि अशा वेळी हँडल घट्ट धरणारा हात पिळाची मूठ नकळत फिरवून बसेल. अंगठ्याच्या पट्टीमुळे चार बोटे आणि तळवा फक्त धरून ठेवण्याच्या कामाला मोकळे राहतात. तासाभराने अंगठ्याच्या मुळाशी कळ येऊ लागते, ती या सोयीची किंमत.

पुण्या-कोल्हापूरकडच्या माणसाला दुचाकीची सवय लहानपणापासून असते, आणि नेमकी हीच सवय क्वाडवर आडवी येते. दुचाकी वळणावर कलते. क्वाड कलत नाही, तिचे हँडल जोर लावून फिरवावे लागते आणि कलायचे असते ते स्वाराने, वळणाच्या आतल्या बाजूला. त्याहून वाईट खोड पाय टेकण्याची. तोल गेल्यासारखे वाटले की दुचाकीस्वार आपसूक पाय खाली सोडतो. क्वाडवर तसा सोडलेला पाय पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मधोमध येतो, आणि पाठीमागून येणारे चाक पोटरीवरून जाते. चांगला वाटाड्या सुरुवातीच्या सूचनांत हेच सर्वांत आधी सांगतो आणि दोनदा सांगतो. अलिबागजवळच्या नागाव, काशीदसारख्या किनाऱ्यांवर एटीव्हीची फेरी मारलेल्यांना वाटते की हे वाहन आपल्याला येते. पण सपाट, ओल्या वाळूवर गोल फेरी मारणे वेगळे आणि आडव्या उतारावरून एकेरी वाटेने जाणे वेगळे. पहिल्यात गाडी चुका पोटात घालते, दुसऱ्यात घालत नाही.

आता जमीन. कॅपाडोकियाच्या क्षितिजावर एर्जियेस (३,९१७ मीटर) आणि हसन (३,२६८ मीटर) हे ज्वालामुखी उभे आहेत. सुमारे एक कोटी वर्षांपूर्वीपासून या भागातल्या उद्रेकांनी राखेचे थरावर थर टाकले. ते दाबून जे तयार झाले तो टफ, म्हणजे राखेचा खडक. महाराष्ट्रातला बेसॉल्ट लाव्हा थिजून बनलेला, कठीण आणि काळा. वेरूळच्या कारागिरांना तो छिन्नीने पिढ्यान्पिढ्या फोडावा लागला. इथला टफ त्यामानाने इतका मऊ, की सुटलेला तुकडा नखाने खरवडला तर बारीक पूड हातात येते. उघड्यावर हवा लागून त्याचा पृष्ठभाग थोडा टणक होतो, आतला भाग मात्र कोरायला सोपाच राहतो. म्हणूनच माणसांनी इथे घरे, तबेले, कोठारे, मठ, चर्च, आणि शेजारच्या देरिनकुयूत तर जमिनीखाली अनेक मजली वस्ती खोदली. पावसाने आणि वितळणाऱ्या बर्फाने याच खडकात दऱ्या कापल्या. जिथे वर कठीण दगडाची टोपी शिल्लक राहिली तिथे खालचा मऊ भाग तिच्या आडोशाने टिकला आणि परींची धुराडी म्हणून ओळखले जाणारे सुळके उभे राहिले. गोरेमे आणि परिसरातील ही शिल्पे १९८५ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत, आणि तीही सांस्कृतिक व नैसर्गिक अशा दोन्ही अंगांनी.

फेरी सहसा गोरेमेच्या वेशीवरून निघते. हेल्मेट, धुळीसाठी तोंडावर फडके, डोळ्यांना चष्मा. मोकळ्या मैदानात दोन-तीन चकरा मारून वाटाड्या प्रत्येकाचा हात पाहून घेतो आणि त्यावरून रांग लावतो. नवखा, बिचकणारा स्वार त्याच्या लगेच मागे आणि अंगठा जड असलेला बराच मागे, पण शेवटी नाही. शेवटी दुसरा वाटाड्या किंवा मदतनीस असतो. दोघेही नसतील, एकच माणूस पंधरा गाड्या घेऊन निघाला असेल, तर ती सफर नव्हे, नुसती मिरवणूक, आणि तीत पैसे घालू नयेत.

गोरेमेच्या खुल्या संग्रहालयापलीकडची किलिचलार, म्हणजे तलवारींची दरी, बहुधा पहिली लागते. इथले सुळके पातळ आणि टोकदार. वाट अरुंद, म्हणून वेगही कमी. पुढे ग्युलुदेरे, गुलाबी दरी. खडकातल्या लोहामुळे तिला फिकट गुलाबीपासून विटकरीपर्यंत छटा आल्या आहेत. तिच्या पोटात खांबांचे चर्च आणि क्रुसाचे चर्च ही खडकात कोरलेली मंदिरे आहेत. पण तिथपर्यंत चाक जात नाही, जाऊही नये. गाड्या वरच्या रुंद वाटेवर थांबतात. वेळ असेल आणि वाटाड्याची तयारी असेल तर तासाभराचा मुक्काम वाढवून पायी खाली उतरावे. या दरीत क्वाडवरून जे दिसते ते तिच्या कडा, तिचे अंतरंग पायवाटेनेच कळते.

कड्यांवर उंचावर चौकोनी भोके दिसतात, काहींच्या भोवती रंगीत नक्षी असते. ती कबुतरांची घरे. शेतकरी ती खोदत आणि वर्षातून एकदा उघडून साठलेली विष्ठा द्राक्षमळ्यांना खत म्हणून घालत. राखेच्या जमिनीला या खताची गरज होती. आजही दऱ्यांच्या तळाशी द्राक्षाच्या वेली आणि जर्दाळूची झाडे आहेत, आणि क्वाडच्या वाटा या मळ्यांच्या बांधांना अगदी लागून जातात.

चावुशिनला थांबा असतोच. जुने गाव एका कड्यात कोरलेले होते. कडा ढासळू लागला तेव्हा, विसाव्या शतकात, लोकांना खाली सपाटीवर हलवावे लागले. कड्यातल्या जुन्या चर्चचा दर्शनी भागही कोसळला आहे, त्यामुळे आतल्या खोल्या कापलेल्या पोळ्यासारख्या बाहेर उघड्या दिसतात. ग्रीक ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती त्याआधीच, १९२३ च्या लोजान कराराच्या वेळी ठरलेल्या लोकसंख्येच्या अदलाबदलीत, या सगळ्या प्रदेशातून ग्रीसला गेले होते. इथे वाटाड्याने चार वाक्ये नीट सांगितली तर पुढची वाट वेगळी दिसते. बरेच जण ती सांगत नाहीत, फोटो काढून देतात आणि निघतात.

संध्याकाळच्या फेरीचा शेवट किझिलचुकुरच्या, म्हणजे लाल दरीच्या, माथ्यावर होतो. तिथवरचा चढ हीच यंत्राची आणि स्वाराची खरी परीक्षा. चढताना बसकण पुढे सरकवून छाती हँडलवर आणायची, हळू गिअर आधीच टाकायचा आणि अंगठा एकसारखा दाबून ठेवायचा. मध्येच सोडला की गाडी थांबते आणि मागे घसरू लागते. घाबरून जोरात दाबला तर पुढची चाके उचलली जातात. उतरताना सगळे उलट: अंग मागे, थ्रॉटल पूर्ण सोडलेला, ब्रेक टप्प्याटप्प्याने. आडव्या उतारावर भार डोंगराच्या बाजूला. मागे कोणी बसले असेल तर हे सगळे दोघांनी मिळून करावे लागते. मागचा माणूस नुसता ओझे झाला तर पुढच्याने कितीही सावरले तरी गाडीचा तोल बिघडतो. म्हणून जोडीने बसायचे असेल तर गाडी दोघांसाठीच बनवलेली, लांब चाकअंतराची असावी. एकट्यासाठीच्या गाडीवर तसा इशारा चिकटवलेला असतो. मोठ्यांची क्वाड सोळा वर्षांखालच्या मुलांच्या हाती देऊ नये, हेही त्याच इशाऱ्यात असते. मुलगा गाडीवर बसतो, पाय पोचतात, म्हणून ती त्याला झेपेल असे होत नाही. तिला सावरायला लागणारे वजनच त्याच्याकडे नसते.

वाटाड्याचे कसब चढाच्या पायथ्याशी दिसते. तो सगळ्यांना थांबवतो आणि एका वेळी एकालाच वर सोडतो. वरचा माथ्यावर पोचून बाजूला झाला की मगच पुढचा. त्यामुळे एखादी गाडी घसरली तरी खालची तिच्या वाटेत नसते. सपाटीवर तो दोन गाड्यांत तीन-चार गाड्यांचे अंतर राखायला लावतो. एक कारण धक्क्याचे, दुसरे धुळीचे. उन्हाळ्यात इथली वाट पिठासारखी असते आणि पुढच्या चाकामागे उठलेल्या लोटात मागच्याला खड्डा दिसत नाही. मध्येच गोरेमे ते अवानोस हा डांबरी रस्ता आडवा येतो, तेव्हा तो उतरून रस्त्याच्या मधोमध उभा राहतो आणि सगळी रांग पार होईपर्यंत हलत नाही. हिवाळ्यात, बर्फ पडल्यावरही काही ठिकाणी फेऱ्या चालतात. त्या दिवसांत गाड्या कमी, धूळ नाही आणि वाटाड्याला प्रत्येकाकडे पाहायला वेळ असतो. थंडी सोसणाऱ्यासाठी हाच उत्तम काळ.

जी जमीन पाहायला हे सगळे येतात तिला चाकांचा त्रास होतो, हे लपवण्यासारखे नाही. टफ भिजला की आणखी मऊ होतो. त्यावरून चाके गेली की चाकोरी पडते, पुढच्या पावसाचे पाणी तिच्यातून धावते, आणि काही ऋतूंत चाकोरीची घळ होते. मग स्वार घळ टाळून शेजारून जातात आणि नवी चाकोरी पडते. उठलेली धूळ जर्दाळूच्या पानांवर आणि द्राक्षांच्या घडांवर बसते. दऱ्यांतून पायी किंवा घोड्यावरून फिरणाऱ्यांची शांतता इंजिनांच्या आवाजात बुडते. २०१९ मध्ये तुर्कस्तानने कॅपाडोकियासाठी वेगळा कायदा करून या प्रदेशाच्या देखरेखीसाठी स्वतंत्र प्रशासन नेमले, आणि त्याच वर्षी गोरेमेचा राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा काढून घेतला. या बदलावर तिथे बरीच टीका झाली.

क्वाडच्या बाबतीत उपाय अवघड नाहीत. ठरलेल्या वाटेबाहेर चाक नाही, पावसानंतर माती वाळेपर्यंत फेरी नाही, एका वाटाड्यामागे मोजक्याच गाड्या, आणि पायवाटांच्या दऱ्यांत इंजिन मुळीच नाही. हे पाळणारा व्यावसायिक महाग पडतो. पाहुण्याने निवड करताना विचारायचे प्रश्नही हेच: वाटाडे किती, गाड्या किती, जोडीसाठी वेगळी गाडी आहे का, वाट कुठून जाते. आपल्या प्रवासविम्यात क्वाड चालवणे धरले आहे का तेही निघण्याआधी पाहावे. अनेक पॉलिसींत साहसी प्रकार वगळलेले असतात किंवा त्यांच्यासाठी वेगळा हप्ता भरावा लागतो.