टिकलीएवढा टवका, वेळीच गाठा!

खडीने भरलेला डंपर पुढे, आपण मागे. ‘टक्’ असा आवाज येतो आणि गाडीच्या पुढच्या काचेवर टिकलीएवढा टवका उमटतो. ‘बघू सवडीने’ म्हणत आपण पुढे निघतो. तेवढं मात्र करू नका! हा पाहुणा लहान असतानाच घालवावा लागतो.

काच एक नाही, दोन
पुढची काच म्हणजे दोन काचा आणि त्यांच्यामध्ये पीव्हीबी नावाच्या प्लॅस्टिकचा पारदर्शक पापुद्रा. खडा लागला की सहसा बाहेरचीच काच टिचते. बोट फिरवून पाहा: बाहेरून खरखरीत, आतून गुळगुळीत. दारांच्या काचा बहुतेक गाड्यांत टफन्ड असतात. त्या फुटल्या की साबुदाण्यासारखा चुरा होतो, मग बदलण्यावाचून इलाज नाही.

चंबू पडला, पण विखुरला नाही
फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ एदुआर बेनेडिक्टस यांच्या प्रयोगशाळेत काचेचा एक चंबू खाली पडला. त्याला तडे गेले, पण तुकडे जागच्या जागी राहिले. आत सेल्युलोज नायट्रेटचा थर वाळून चिकटला होता. त्यातून त्यांना न विखुरणारी काच सुचली, असं सांगतात. १९०९ साली त्यांनी तिचं पेटंट घेतलं.

टवक्यांची ‘साथ’
१९५४ च्या वसंतात अमेरिकेतल्या सिॲटल परिसरात हजारो गाडीमालकांना काचेवर बारीक खड्डे दिसू लागले. कुणी गुंडांवर संशय घेतला, कुणी हायड्रोजन बॉम्बच्या चाचण्यांवर. महापौरांनी थेट राष्ट्राध्यक्षांकडे मदत मागितली! उलगडा झाला तो असा: खड्डे बहुतेक जुनेच होते. लोक एरवी काचेतून बघायचे, आता काचेकडे बघू लागले होते.

काचेला इंजेक्शन
टवका बुजवताना कारागीर काचेवर छोटा स्टँड बसवतो. आधी टवक्यातली हवा खेचून घेतो, मग पातळ रेझिन दाबाने आत भरतो. वर अतिनील दिवा धरला की काही मिनिटांत रेझिन कडक होतं आणि जास्तीचं ब्लेडने खरवडून निघतं. डाग जवळपास दिसेनासा होतो, कारण प्रकाश रेझिनमधून जवळजवळ काचेइतकाच वळतो. पुसट खूण राहते, पण तडा पसरायचा थांबतो.

नाणं लावून बघा
ढोबळ हिशेब असा: टवका २ रुपयांच्या नाण्याखाली झाकला गेला, तर तो बहुधा बुजवता येतो. पण तो थेट चालकाच्या नजरेसमोर असेल, तडा काचेच्या कडेपर्यंत पोचला असेल किंवा आतली काचही टिचली असेल, तर काच बदललेलीच बरी.

एसीचा झटका
मे महिन्यात उन्हात तापलेल्या काचेवर एसीचा गार झोत सोडला, की टवक्याचा तडा होऊ शकतो. आधी खिडक्या उघडा, एसी हळूहळू वाढवा. दुरुस्तीपर्यंत टवक्यावर बाहेरून पारदर्शक चिकटपट्टी लावा. धूळ-पाणी आत गेलं, तर रेझिन नीट बसत नाही.

विम्याचं गणित
नुसता थर्ड पार्टी विमा असेल, तर आपल्या काचेला छदामही मिळत नाही. कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत काच येते, आणि गंमत म्हणजे प्रमाणित नियमांत प्लॅस्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात, काचेवर शून्य! मात्र १५०० सीसीपर्यंतच्या खासगी गाडीला १००० रुपयांची सक्तीची वजावट असते. त्यात क्लेम केला की सहसा नो क्लेम बोनस जातो, जो ५ वर्षांत ५० टक्क्यांपर्यंत चढलेला असतो. समजा, गाडीच्या नुकसानीपोटीचा प्रीमियम १०,००० रुपये आहे. म्हणजे ५००० रुपयांच्या सवलतीवर पाणी! म्हणून टवका खिशातून बुजवा. पूर्ण काच बदलायची वेळ आली, तर आधी फोटो काढा, कंपनीला कळवा आणि मगच काम सुरू करा. काही पॉलिसींत काचेच्या क्लेमने बोनस जात नाही, तेवढं कलम वाचून ठेवा.

नवी काच, नवी काळजी
काचेमागे कॅमेरा असलेल्या गाडीत काच बदलल्यावर तो कॅमेरा पुन्हा जुळवून घ्यावाच लागतो. चिकटवण वाळेपर्यंत दारं आपटू नका.

उद्या सकाळी किल्ली फिरवण्याआधी सिॲटलकरांसारखं करा: मिनिटभर काचेतून नव्हे, काचेकडे बघा. टिकली दिसली, तर त्याच दिवशी काचवाल्याला गाठा.